घोडा एका बाजूला वळत नाही? लगाम ओढायच्या आधी आपलं बसणं तपासा

दत्तजयंतीच्या दिवसांत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नुसती एक चक्कर मारा, कुठे ना कुठे हे ऐकू येणारच, "भाऊ, मना घोडा डावी बाजूले वळतच नही." मग आजूबाजूचे चार जण सल्ले द्यायला तयार असतात, कोणी म्हणतो कडी (तोंडातलं लोखंड) बदल, कोणी म्हणतो लगाम आखूड धर, कोणी म्हणतो आठ दिवस डावीकडेच गोल गोल फिरव म्हणजे सुटेल आपोआप. घोड्याचे दात बघतात, पाय बघतात, भोवरे तर सगळेच बघतात, पण वर बसलेला माणूस कसा बसलाय हे बघणारा क्वचित भेटतो. आणि बऱ्याच वेळा गडबड तिथेच असते.

नेहमीच स्वाराची चूक असते असं नाही, घोड्याच्या पायात किंवा पाठीतही दुखणं असू शकतं, त्याचंही पुढे लिहिलंय. पण स्वाराचं बसणं तपासायला एक पैसा लागत नाही आणि घोड्याला त्रासही होत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा.

आपण एका बाजूचे कसे होतो

कोणताच माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. बहुतेक जण उजव्या हाताचे, त्या हाताची ताकद जास्त, आणि उभं राहताना वजन ठरलेल्या एकाच पायावर टाकायची सवय बहुतेकांना असते. त्यात आपल्याकडची कामं बघा. ट्रॅक्टरवर नांगरट करताना एक हात स्टीअरिंगवर, दुसरा हायड्रॉलिकच्या दांडीवर आणि मान-कंबर तासन् तास उजवीकडून मागे वळलेली. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा माणूस घड कायम एकाच खांद्यावर घेतो. फवारणीच्या पंपाचा दांडा एकाच हाताने मारायचा. मोटरसायकल थांबली की डावा पाय खाली. आणि मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून दिवसभर दुकानात बसणारे आहेतच, एका बाजूचा कुल्ला उचललेला राहतो आणि त्याचंच शरीराला वळण पडतं. लहानपणी पाय मोडलेला असेल, गुडघा दुखत असेल तर त्या पायाला सांभाळून चालायची सवय वर्षानुवर्षं राहते, दुखणं गेलं तरी.

आणि आपली घोड्यावर बसायची पद्धतच मुळात एका बाजूची आहे. चढायचं कायम डावीकडून (जुन्या काळी तलवार डाव्या कमरेला लटकायची म्हणून ही रीत पडली असं सांगतात), लगाम सगळा डाव्या हातात, उजव्या हातात चाबूक, आणि हल्ली चाबकाच्या जागी मोबाईल. एका हातात लगाम धरला की तो खांदा हळूहळू पुढे जातो, दुसरा मागे राहतो, म्हणजे कमरेच्या वरचा भाग कायम पिळलेला. वरातीत घोडा नाचवणाऱ्या पोरांचं तर हे अगदी पक्कं झालेलं असतं.

हे सगळं जमिनीवर चालून जातं. घोड्यावर चालत नाही, कारण तिथे आपल्या खाली जिवंत पाठ असते.

घोड्याला ते कळतं कसं

घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढच्या दोन पायांच्या मध्ये त्याचा छातीचा पिंजरा फक्त स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो, त्यामुळे वरचं वजन एका बाजूला गेलं की तो पिंजराही त्या बाजूला कलू शकतो. शिवाय नुसता उभा असतानाच घोड्याचं जवळजवळ साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यात एका खांद्यावर आपलं ओझं वाढवलं की तो खांदा जड होतो आणि दुसऱ्या बाजूला वळणं अवघड जातं. पोराला खांद्यावर घेऊन यात्रेत फिरताना पोरगं डावीकडे झुकलं की आपलाही पाय आपोआप डावीकडे पडतो ना, घोडाही तेच करतो, पडणाऱ्या वजनाखाली पाय टाकतो. आपल्याला वाटतं घोडा ओढतोय. तो आपल्याला सांभाळत असतो.

मग आपण काय करतो, उलट्या बाजूचा लगाम खेचतो. घोडा मान वळवतो पण खांदा तिकडेच पळतो, आपण आणखी खेचतो, तोंड कडक होतं, जबडा एका बाजूला जातो, आणि काही महिन्यांत खरंच तो घोडा एका बाजूचा होऊन बसतो. घोड्यांनाही जन्मजात एक बाजू सोपी, एक अवघड असते, ती आपल्या वाकड्या बसण्याने दुप्पट होते.

मारवाडी-काठियावाडी घोड्यांवर रेवाल ही चाल चालवणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यायला पाहिजे. रेवालीत एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय जवळपास बरोबर उचलले जातात, पाठ एका लयीत डावी-उजवी होते. स्वार एका बाजूला लटकलेला असेल तर त्या बाजूचे पाय मोकळे उचलता येत नाहीत आणि चाल तुटून घोडा दुडकीवर, म्हणजे तिरके पाय जोडीने पडणाऱ्या चालीवर, येतो. लोक म्हणतात घोड्याची चाल कच्ची आहे. वर दुसरा हलका, सरळ बसणारा स्वार बसवून बघा, मग बोला.

सगळ्यात फसवणारी गोष्ट, एका बाजूची कंबर मोडणं

हे नीट समजून घ्या कारण इथे बरेचसे सल्ले उलटे पडतात.

समजा तुमची उजवी कंबर मोडतेय. म्हणजे उजव्या बाजूच्या बरगड्या आणि कमरेचं हाड एकमेकांच्या जवळ आलेत, उजवा खांदा खाली गेलाय, शर्टाला उजव्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्यात. मागून बघणारा म्हणतो, हा उजवीकडे झुकलाय. पण वजन कुठे आहे? डावीकडे! कारण खांदा उजवीकडे पडला की ढुंगण डावीकडे सरकतं, डाव्या बाजूचं बसायचं हाड जिनात रुततं, उजवं हलकं होतं. उजवा पाय वर ओढला जातो आणि उजवी रिकीब (पाय ठेवायची कडी) सारखी सुटते. जीनही हळूहळू डावीकडे उतरतं.

आता कोणीतरी ओरडतो, "डावीकडे झुक रे!" हा खांदा डावीकडे नेतो, वजन आणखी डावीकडे जातं. नाहीतर सांगतात उजव्या रिकिबीवर जोर दे. तो उजवा पाय ताठ करून रिकीब दाबतो, आणि दाबलेल्या रिकिबीवर शरीर वर उचललं जाऊन पुन्हा डावीकडेच ढकललं जातं. दोन्ही उपाय उलटे. खरा उपाय म्हणजे मोडलेली बाजू लांब करणं, म्हणजे उजवी काख आणि उजवं कमरेचं हाड यांच्यातलं अंतर वाढवणं आणि ढुंगण उजवीकडे सरकवून जिनाच्या मधोमध आणणं. खांदा आपोआप जागेवर येतो.

तपासायचं कसं

आपल्याला जे सरळ वाटतं त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. वर्षानुवर्षं वाकडं बसलेल्या शरीराला वाकडंच सरळ वाटतं. म्हणून जाणवण्यावर न जाता बघायचं आणि मोजायचं.

घरी पहिल्यांदा हे करा. लाकडी बाकावर किंवा कडक खुर्चीवर बसा, दोन्ही हात तळवे वर करून कुल्ल्यांखाली घाला. दोन टोकदार हाडं तळहाताला टोचतील, तीच बसायची हाडं. डोळे मिटा आणि कोणतं जास्त रुततंय ते बघा. बहुतेकांना लगेच कळतं. दुसरं, दोन सारखे वजनकाटे मिळाले तर शेजारी शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवून समोर बघत उभे राहा, आणि आकडे दुसऱ्याला वाचायला सांगा, स्वतः खाली वाकून बघितलं की वजन हलतं. चपला-बुटांच्या टाचा उलट्या करून बघितल्या तरी बरंच काही कळतं.

मग घोड्यावर. शर्टाच्या मागे मानेपासून कमरेपर्यंत पाठीच्या कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, जिनाच्या मागच्या काठावर बरोबर मध्यभागी एक छोटी पट्टी लावा. कोणालातरी मोबाईल घेऊन बरोबर मागे उभं करा, सुरक्षित अंतरावर, लाथ लागेल इतक्या जवळ नको. घोडा सरळ रेषेत चालत लांब न्या, परत आणा, मग दुडकीवर किंवा रेवालीत तेच. रात्री घरी बसून व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. पाठीवरची पट्टी, जिनाची पट्टी आणि शेपटीचं मूळ, तिन्ही एका रेषेत आहेत का? खांदे सारखे आहेत का? दोन्ही रिकिबी जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का? कोणता पाय बाहेर फेकलाय, कोणत्या पायाचा अंगठा जास्त बाहेर वळलाय? एका व्हिडिओवरून ठरवू नका, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी काढा, दर वेळी जे दिसतं तेच खरं.

व्हिडिओइतकंच खरं बोलतो तो घाम. फेरी झाल्यावर तंग (पोटाखालचा पट्टा) सैल करून जीन आणि नमदा (जिनाखालची जाड गादी) सरळ वर उचला, ओढून काढू नका नाहीतर केसांवरच्या खुणा पुसल्या जातील. ओल्या पाठीवर घामाचा नकाशाच उमटलेला असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना ओला भाग सारखा पाहिजे. एका बाजूला केस चोळले गेलेत, उलटे वळलेत, नमद्याचा मळ एकाच बाजूला जास्त लागलाय, तर जीन तिकडे सरकत होतं. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर काळजी करायची, एक तर तिथे जीन टेकतच नाही किंवा इतकं दाबतंय की घामच येत नाही. हात फिरवून बघा, घोडा अंग चोरत असेल तर बहुधा दाबतंय. खोगिराखाली एकाच बाजूला पांढरे केस आलेले दिसतात ना, ती अशाच जुन्या दाबाची खूण असते बऱ्याचदा.

आणि नालबंद आला की त्याला विचारा कोणती नाल जास्त झिजते. ती माणसं पायाकडे जितकं बारीक बघतात तितकं आपण बघत नाही.

सामान आधी सरळ करा

हे पटकन होतं म्हणून आधी. रिकिबीचे दोन्ही पट्टे काढून शेजारी ठेवून मोजा, भोकं मोजू नका, लांबी मोजा. कायम डावीकडून चढल्याने डावा पट्टा ताणून लांब झालेला असतो, दोन्हीकडे पाचवं भोक लावलं तरी रिकिबी सारख्या नसतात. नुसत्या ताणाचा फरक असेल तर पट्टे डावे-उजवे अदलाबदल करा आणि महिन्या-दोन महिन्यांनी करत राहा. जिनाच्या आतलं लाकूडही याच ओढीने पिळतं, जीन पालथं करून बघा.

चढताना ओटा, दगड असं काहीतरी पक्कं उंच वापरा, उलटं घमेलं नको. जमिनीवरून लटकून चढणं ही शान वाटते पण त्या क्षणी जीन घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याला आडवं ओढतं. ओट्यावरून उजवीकडूनही चढायची सवय करा, शांत घोडा असेल तर, आणि पहिल्या काही वेळा कोणीतरी धरायला पाहिजे कारण घोड्यालाही ती बाजू नवीन असते.

फक्त एक करू नका, एक रिकीब सुटते म्हणून ती आखूड करू नका. पायांच्या लांबीत खरोखर फरक आहे असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर वाकडेपणा तिथेच कायमचा पक्का होतो.

आता शरीर

जमिनीवरची कामं आधी बदला, कारण घोड्यावर आपण दिवसातला एखादा तास, बाकी सगळा दिवस जमिनीवर. पाकीट पुढच्या खिशात घ्या. ओझं दुसऱ्या खांद्यावर घ्यायला शिका. ट्रॅक्टरवर अधूनमधून डावीकडून मागे बघा, अवघडल्यासारखं होईल पण तेच तर सांगतोय. दात घासताना एका पायावर उभे राहा, डाव्यावर एवढं तर उजव्यावरही तेवढंच, जो पाय लटपटतो त्याला थोडं जास्त. रात्री जमिनीवर एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे घेऊन मांडीच्या वरचा पुढचा स्नायू ताणा, खुर्चीवर आणि गाडीवर बसून तो आखडलेला असतो. कुशीवर कोपर टेकून शरीर फळीसारखं सरळ उचलून धरा, दोन्ही कुशींवर. कमरेत जुनं दुखणं असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

घोड्यावरचा सराव सकाळी लवकर घ्या, फेब्रुवारीनंतर आपल्याकडे आठलाच ऊन लागायला लागतं. जागा सपाट पाहिजे. उन्हाळ्यात काळ्या रानात भेगा पडतात तिथे नको, आणि तापी-पांझरेच्या खोल वाळूतही नको, स्वार शिकत असताना घोड्याच्या पायांवर ताण नको. डोक्यावर हेल्मेट हवंच.

पहिला सराव चालीवरच, कोणीतरी मोरखी (तोंडावरची दोरी) धरून चालवतंय, तुम्ही रिकिबीतून पाय काढलेत. पाय नुसते लोंबू द्या. आता लक्ष फक्त दोन बसायच्या हाडांवर, घोड्याचा मागचा डावा पाय पुढे येतो तेव्हा डावं हाड हलतं, उजवा येतो तेव्हा उजवं. मोठ्याने म्हणा, डावा, उजवा, डावा, उजवा. जे हाड जाणवत नाही ती तुमची हरवलेली बाजू. घोडा विश्वासाचा आणि धरणारा हुशार असेल तर थोडा वेळ डोळे मिटून करा, फार लवकर कळायला लागतं.

मग मोडणाऱ्या बाजूचा हात सरळ वर, कानाला लावून, बोटं आभाळाकडे, पाच-सहा श्वास. ती बाजू लांब होते आणि ढुंगण मध्यावर येतं. हात खाली आणताना फक्त हात आणा, बरगड्या तिथेच राहू द्या. हेच पुन्हा पुन्हा. सोपं वाटतं पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

पिळलेल्या खांद्यांसाठी एक काठी घ्या, हातभर लांब, सरळ. लगाम दोन्ही हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांखाली काठी आडवी धरा. वळताना, थांबवताना काठी तिरपी झाली, एक टोक पुढे गेलं की समजा कोणता हात चोरटा आहे. सराव करताना तरी एका हाताचा लगाम सोडून द्या, नाचवताना पुन्हा एका हातात घ्यायचा असेल तर घ्या. चाबूकही आलटून पालटून धरा.

दुडकीवर उठबस करत असाल, म्हणजे एका ठोक्याला उठून दुसऱ्याला बसत असाल, तर आणखी एक. दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोड्यांनी पडतात आणि आपण नकळत कायम एकाच जोडीवर बसतो. गोलात फिरताना बाहेरचा खांदा पुढे जातो तेव्हा उठा, मागे येतो तेव्हा बसा. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी बदला. सरळ रस्त्यावर लांब जाताना, समजा शहाद्याहून नदीकडे निघालात, तर मधून मधून मुद्दाम बदलत राहा. जी जोडी अवघड वाटते, जिच्यावर घोडा तुम्हाला वेडंवाकडं उडवतो, तीच आजवर कमी वापरलेली. कँटरमध्येही (दुडकीच्या पुढची वेगाची चाल) तसंच, गोलात आतला पुढचा पाय आघाडीला पाहिजे, घोडा एका बाजूला तो देतच नसेल तर आधी बघा तुम्ही त्याच बाजूच्या खांद्यावर बसलाय का.

आता महत्त्वाचं. बरोबर बसल्यावर तुम्हाला वाटेल की आपण आता पडणार, पार एका बाजूला लटकलोय. व्हिडिओत मात्र सरळ दिसाल. इथेच बहुतेक जण सोडून देतात, जुन्या बसण्यावर परत जातात कारण तिथे बरं वाटतं. काही आठवडे तसं वाकडं वाटू द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटं नीट बसा, मग सैल सोडा, पुन्हा बसा, तासभर ताठ बसायचा हट्ट केला तर शरीर दुसरीकडेच आखडतं. आणि घोड्याचे कान, मान, जबडा बघत राहा. तुम्ही मध्यावर आलात की तो मान खाली सोडतो, फुरफुरतो, चाल मोकळी होते, कधी कधी तर लगेच.

वजनाचं पण बघा. जीन धरून स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा साधारण हिशोब आहे, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर सगळं मिळून ७० किलो. जड माणूस वाकडा बसला तर हलक्या माणसापेक्षा नुकसान कितीतरी जास्त.

घोड्यात दोष आहे का ते कसं ओळखायचं

साधी अदलाबदल करा. तुम्ही दुसऱ्या दोन घोड्यांवर बसा, आणि तुमच्या घोड्यावर दुसरे दोन स्वार बसवा. तुमच्याखाली प्रत्येक घोडा एकाच बाजूला ओढत असेल तर सराव तुमचा. तुमचा घोडा प्रत्येकाखाली तसाच वागत असेल तर त्याचं तपासा, दात, कडीने सोललेलं तोंड, खूर, नाल, पाठ. जीन कायम एकाच बाजूला सरकतंय तर मागच्या पायातलं बारीक लंगडेपण हेही एक कारण असतं आणि ते नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. तिथे जीन आवळून तंग घट्ट करणं हा उपाय नाही, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

यात्रेत घोडा घेतानाही हेच करा. आधी विकणाऱ्याच्या माणसाला बसवून दोन्ही बाजूंना गोल फिरवायला सांगा, कारण बाजारात बहुतेक सगळे एकाच सोप्या बाजूला फिरवून दाखवतात. मग तुमच्याबरोबर आलेला हलका, चांगला स्वार बसवा, मग स्वतः बसा, जीन काढून पाठीवर हात फिरवा. तिघांखाली एकाच बाजूला ओढला तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय इसार देऊ नका. फक्त तुमच्याखाली ओढला तर घोडा बिनधास्त घ्या, आणि लाकडी बाकावर हात खाली घालून बसायला घरी गेल्या गेल्या सुरुवात करा.